येशूचे अर्पण एकदाच झाले, मग लेवीयतली पाच अर्पणे आज कशाला वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा: मंडळीत जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचे वाचन सुरू झाले आणि पहिले सात अध्याय नुसते चरबी, गुरदे, रक्त आणि राख यांनी भरलेले निघाले. एका सभासदाने विचारले, ख्रिस्ताने एकदाच स्वतःला अर्पण केले, मग हे आपण का वाचायचे? दुसऱ्याने विचारले, रविवारी दानाची थैली फिरते तिलाही आपण 'अर्पण' म्हणतो, ते या पाचांपैकी कोणते?

मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की पहिल्याचे आपोआप हाती येते.

अडचण अशी की पाच वेगवेगळ्या कामांसाठी असलेली अर्पणे (होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण) आपण एका शब्दात कोंबली आहेत, 'बळी', आणि त्यांना एकच काम लावून दिले आहे, 'पापासाठी रक्त'. मग ख्रिस्ताने ते काम पुरे केले म्हटल्यावर बाकीचे सगळे मोडीत निघते. पण पाचांपैकी दोनच अर्पणे मुख्यतः पाप आणि दोष यांच्यासाठी आहेत. उरलेल्या तिघांत प्रायश्चित्ताचा धागा कुठे कुठे येतो (होमार्पणात तर स्पष्टच, लेवीय १:४), तरी त्यांचा गाभा निराळा आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. या सर्वांना मिळून इब्री भाषेत 'कोर्बान' म्हणतात. मार्क ७:११ मध्ये हाच शब्द 'कुर्बान' होऊन येतो, आणि अरबीमार्गे आलेली 'कुर्बानी' मराठी कानाला ओळखीची आहेच. त्याचा धातू 'जवळ येणे' या अर्थाचा. मराठीत 'बळी' म्हटले की डोळ्यांसमोर सुरी येते. इब्री माणसापुढे आधी जवळ जाणे यायचे, सुरी त्यातली एक पायरी. मराठी आवृत्त्यांत होमार्पण की होमबली, पापार्पण की पापबली असे शब्द बदलतात. वाचकाला आवृत्ती बदलली तरी गोंधळ होऊ नये म्हणून वाचनाआधी एक ओळीची ओळख द्यावी.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली, यावर उत्तराचा एक भाग फिरतो. कॅथोलिक मंडळीत मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, हेच अर्पण मानले जाते. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली सांगितले की क्रूसावरचे तेच एक अर्पण तिथे रक्ताविना सादर होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाला पापासाठीचे अर्पण म्हणत नाहीत, फार तर उपकारस्तुतीचे म्हणतात. पुढचे मी प्रॉटेस्टंट उपासनेला धरून लिहितो आहे, कारण प्रश्नात थैलीचा उल्लेख आहे.

होमार्पण (लेवीय १) पूर्ण जळते. आणणारा माणूस प्राण्याच्या डोक्यावर हात ठेवतो, स्वतःच कापतो, सोलतो, तुकडे करतो. याजकाचे काम रक्तापासून सुरू होते: ते वेदीभोवती शिंपडायचे, तुकडे लाकडांवर रचायचे. आतडी आणि पाय पाण्याने धुऊन मग तेही जाळायचे. कातडे तेवढे याजकाला (७:८). गोऱ्हा परवडत नसेल तर मेंढा-बोकड, तेही नसेल तर होला किंवा पारवा. पक्षी मात्र याजकच मुरगाळतो. मालकाच्या वाट्याला मांसाचा तुकडाही येत नाही, आणि अर्थ तिथेच आहे: सगळे तुझे, मागे काही ठेवत नाही. रोम. १२:१ मध्ये पौल 'तुमची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून द्या' म्हणतो, त्यामागे हे चित्र आहे.

अन्नार्पणात (अध्याय २) रक्त नाहीच. सपीठ, तेल, वर ऊद. कच्चे आणा, भट्टीत भाजून आणा, तव्यावर किंवा कढईत करून आणा. याजक मूठभर सपीठ-तेल आणि सगळा ऊद वेदीवर जाळतो, उरलेले याजकांच्या जेवणात. खमीर आणि मध वेदीवर चालत नाहीत, मीठ मात्र प्रत्येक अर्पणाला लागते. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू जळायचे, त्याच्या जोडीला एफाचा दहावा भाग सपीठ, पाव हिन तेल आणि पाव हिन द्राक्षारस असायचा (निर्गम २९:३८-४१). एफा साधारण २२ लिटर धरला तर सपीठ दोन लिटरच्या आसपास, आणि हिन साडेतीन लिटरचा धरला तर तेल पाऊण लिटरच्या वर. थोडक्यात, एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरातल्या मापाची गोष्ट आहे, अवाढव्य वैभव नाही.

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहूदी समाजात नवस फेडताना किंवा शुभकार्यात 'मलिदा' करतात: पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलीयाच्या) नावाने प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी मिळून खायचे. काही अभ्यासक त्याचा धागा मंदिरातल्या अन्नार्पणाशी जोडतात. धागा ऐतिहासिक आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण अन्नार्पण कसे दिसले असेल हे मराठी ख्रिस्ती माणसाला समजावायला इतके जवळचे चित्र दुसरे मिळत नाही.

शांत्यर्पण (अध्याय ३ आणि ७:११-३६) हे आपण सर्वांत जास्त विसरलेले अर्पण. नर किंवा मादी, दोन्ही चालतात. चरबी, दोन्ही गुरदे, काळजावरील पडदा आणि मेंढराची चरबीदार शेपटी वेदीवर जळते. ऊर ओवाळून याजकांना, उजवी मांडीही याजकाला. बाकी सगळे मांस आणणाऱ्याच्या घरचे, पाहुण्यांचे. म्हणजे देव, याजक आणि माणूस एकाच प्राण्यावर जेवतात. जत्रेत नवसाचा बोकड कापून गावजेवण घातल्याचे ज्याने पाहिले आहे, त्याला हा अध्याय युरोपातल्या वाचकापेक्षा लवकर कळतो. फरक एवढाच की इस्राएलाचा देव भुकेला नाही. स्तोत्र ५० मध्ये तो म्हणतो, मला भूक लागली तर ते तुला सांगायची वेळ येणार नाही.

यातही तीन प्रकार आहेत: उपकारस्तुतीचे, नवसाचे आणि स्वखुशीचे. नवसाचे आणि स्वखुशीचे मांस दोन दिवस खाता येते, तिसऱ्या दिवशी उरलेले जाळायचे. उपकारस्तुतीचे मात्र त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. का, ते नियमात दिलेले नाही. पण एक बोकड एका घरात एका दिवसात संपत नाही आणि गोऱ्हा तर नाहीच, तेव्हा शेजारपाजारी आणि गरीब यांना बोलवावेच लागते. स्तोत्र २२ च्या शेवटी नवस फेडणारा माणूस म्हणतो की दीन खाऊन तृप्त होतील, ते उगाच नाही. शिवाय उपकारस्तुतीच्या अर्पणाबरोबर बेखमीर पोळ्यांसोबत खमीर घातलेल्या भाकरीही असतात. त्या वेदीवर जाळत नाहीत, खायच्या असतात.

पापार्पणात (४:१ ते ५:१३) दर्जानुसार प्राणी बदलतो. अभिषिक्त याजक किंवा सगळी मंडळी चुकली तर गोऱ्हा, सरदार चुकला तर बोकड, साधा माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. पहिल्या दोघांत रक्त दर्शनमंडपात (मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूत) नेऊन पडद्यासमोर सात वेळा शिंपडतात, धूपवेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना) लावतात आणि प्राण्याचे मांस-कातडे छावणीबाहेर जाळतात. नंतरच्या दोघांत रक्त बाहेरच्या वेदीच्या शिंगांनाच लागते, आणि मांस याजक खातो. जितका मोठा माणूस, तितके त्याचे पाप आतपर्यंत मळ घेऊन जाते, असा हिशेब त्यामागे दिसतो. यहूदी अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी या अर्पणाला 'शुद्धीकरणाचे अर्पण' म्हणावे असे मांडले, कारण बाळंतपणानंतरही ते लागते, आणि बाळंत होणे हे काही पाप नाही.

याच भागात एक ओळ आहे जी प्रवचनात हमखास निसटते. ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा भाग सपीठ आणावे, त्यावर तेल किंवा ऊद न घालता, आणि त्याचीही क्षमा होते (५:११-१३). 'रक्ताशिवाय क्षमा नाही' हे वाक्य आपण नव्या करारातल्या इब्री पत्रातून (९:२२) घेतो. तिथे वाक्याच्या सुरुवातीला 'जवळजवळ सर्व' असा शब्द आहे, तो गाळून वाचू नये. मरीयेने बाळंतपणानंतर मंदिरात नेले ते दोन पक्षी (लूक २:२४), म्हणजे गरिबाची सवलत.

दोषार्पण (५:१४ ते ६:७) कमी वाचले जाते, पण रोजच्या व्यवहारात ते सर्वांत तीक्ष्ण आहे. ठेव बुडवली, फसवून घेतले, सापडलेली वस्तू लपवली, खोटी शपथ घेतली, तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा मालकाला द्यायचा आणि मेंढा याजकाकडे न्यायचा. कोणाचे ५,००० रुपये दाबले असतील तर ६,००० परत द्यायचे. ज्याचे देणे तो हयात नसेल तर त्याच्या नातलगाला, तोही नसेल तर याजकाला (गणना ५:५-८). 'भावाशी आधी समेट कर, मग येऊन अर्पण दे' हे येशूचे वाक्य (मत्तय ५:२३-२४) या चौकटीत ठेवून वाचा. एक महत्त्वाची मर्यादाही सांगायला हवी: ही अर्पणे मुख्यतः नकळत किंवा कबूल केलेल्या अपराधांसाठी आहेत. उघड उद्दामपणे केलेल्या पापाला गणना १५:३०-३१ मध्ये अर्पणच नाही. दाविदाने स्तोत्र ५१ मध्ये भग्न हृदयाचा आधार घेतला, त्याचे एक कारण हेच असावे.

आता सगळ्याचा नकाशा. लेवीय १-५ मध्ये यादीचा क्रम होमार्पणापासून सुरू होतो, पण प्रत्यक्ष उपासनेचा क्रम नवव्या अध्यायात आहे. लोकांच्या वतीने मुख्य याजक अहरोन आधी पापार्पण करतो, मग होमार्पण, त्याबरोबर अन्नार्पण, मग शांत्यर्पण, आणि शेवटी हात उंचावून आशीर्वाद. आधी शुद्ध होणे, मग स्वतःला देणे, मग एकत्र जेवणे, मग आशीर्वाद घेऊन जाणे. आपल्या उपासनेतला पापकबुली, गीत आणि वचन, प्रभुभोजन, आशीर्वाद हा क्रम काही कोणी लेवीयवरून नक्कल केलेला नाही, पण चाल तीच आहे. हिज्कीया राजाच्या काळी मंदिर पुन्हा उघडले तेव्हाही आधी पापार्पण झाले, आणि होमार्पण सुरू झाले त्याच क्षणी गायन सुरू झाले, ते होमार्पण संपेपर्यंत चालले (२ इतिहास २९:२१-३१). गाणे हे स्वतःला वाहून देण्याच्या भागात येते, वातावरण तापवण्यासाठी नाही. आधी अर्धा तास गाणी आणि पापकबुली कुठेच नाही, असा कार्यक्रम आखणाऱ्या समितीने हा अध्याय शांतपणे वाचावा.

ख्रिस्ताने काय संपवले? इब्री १०:११-१८ चे उत्तर नेमके आहे: पापासाठीचे अर्पण. मंदिरात याजक रोज उभे राहतात कारण काम संपत नाही, ख्रिस्त मात्र बसला, कारण काम झाले. इब्री १३:११-१३ मध्ये तर छावणीबाहेर जाळलेल्या पापार्पणाचेच चित्र त्याला लावले आहे. पण त्याच अध्यायात पुढे, १५ आणि १६ व्या वचनांत, लेखक आपल्याला अर्पणे चालू ठेवायला सांगतो: स्तुतीचे अर्पण, आणि परोपकार व वाटून घेणे, कारण अशा अर्पणांनी देव संतुष्ट होतो. 'स्तुतीचे अर्पण' या ग्रीक शब्दांचा जोड जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात लेवीय ७:१२ मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणासाठी वापरला आहे. म्हणजे ते तिसरे, विसरलेले अर्पण, आता प्राण्याविना. तोच प्रकार पौलाकडे: १ करिंथ १०:१६-१८ मध्ये प्रभुभोजन समजावताना तो म्हणतो, इस्राएलाकडे पाहा, यज्ञाचे मांस खाणारे वेदीचे भागीदार होतात. आणि अकराव्या अध्यायात करिंथकरांची खरडपट्टी काढतो ती एक भुकेला आणि एक धुंद राहतो म्हणून. शांत्यर्पणाचे जेवण वाटून खायचे, हा नियमच त्यांनी मोडला होता.

सुरुवातीच्या यहूदी ख्रिस्ती लोकांनी मंदिर सोडले नव्हते, हेही ध्यानात असू द्या. प्रे. कृत्ये २१:२३-२६ मध्ये पौल चार जणांच्या नवसाच्या अर्पणांचा खर्च उचलतो. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडले आणि अर्पणे थांबली. यहूदी लोकांनी प्रार्थनेच्या वेळा त्या अर्पणांच्या वेळांना जोडल्या, दुपारच्या प्रार्थनेला आजही 'मिन्हा' म्हणतात, म्हणजे अन्नार्पणाचाच शब्द. तेव्हा 'यहूद्यांची अर्पणे देवाने नाकारली' असे वाक्य वेदीवरून येऊ देऊ नका. संदेष्टे आमोस, यशया, मीखा यांचा राग अर्पणावर नाही, गरिबाला लुबाडून मग अर्पण घेऊन येण्यावर आहे.

कुठे कुठे घसरते ते सांगतो. पहिले, प्रत्येक अवयवाला अर्थ लावणे: गुरदे म्हणजे भावना, चरबी म्हणजे आळस, आणि असेच पुढे. मजकुरात चरबीचे कारण दिलेलेच आहे, 'सर्व चरबी परमेश्वराची' (३:१६), म्हणजे उत्तम भाग देवाचा. दुसरे, डोक्यावर हात ठेवला की पाप प्राण्यात गेले, असे सरसकट सांगणे. पाप उच्चारून दोन्ही हात ठेवायचे ते प्रायश्चित्ताच्या दिवशी, जिवंत बोकडावर (१६:२१), आणि तो बोकड कापत नाहीत, रानात सोडतात. एरवी एक हात, 'हे माझे' म्हणून. पाप प्राण्यात भरले असते तर पापार्पणाच्या मांसाला 'परमपवित्र' म्हणून याजकाला खायला दिले नसते (६:२५-२६). तिसरे, क्षमेची घोषणा झाल्यावर प्रभुभोजनाच्या मेजाशी पुन्हा अर्धा तास रडारड. पापार्पण दोनदा लावू नका, मेज हे जेवणाचे आहे.

चौथे थैलीशी जोडलेले, म्हणजे दुसऱ्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर. थैलीतले पैसे पापार्पण नाहीत आणि दोषार्पण तर मुळीच नाहीत. कोणाचे पैसे दाबून त्यातली चिमूटभर रक्कम थैलीत टाकणे म्हणजे दोषार्पणाचा क्रम उलटा करणे, मालक आधी येतो. दशमांशही या सात अध्यायांत नाही, तो लेव्यांच्या, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशाच्या, उदरनिर्वाहाचा वेगळा नियम आहे (गणना १८:२१). थैली जवळची ती अन्नार्पणाला: कष्टाच्या फळातली मूठ देवाला, बाकी सेवकांच्या जेवणात. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीला पौल 'सुगंध, मान्य असे अर्पण' म्हणतो (४:१८), तो याच भाषेत. म्हणून थैली गोळा झाल्यावरची प्रार्थना 'आमच्या पापांची क्षमा कर' अशी नको, 'हे तुझ्याच हातचे आहे' अशी हवी. 'इतके द्या म्हणजे इतके मिळेल' असा सौदा कोणी सांगत असेल तर पाचही अर्पणांत त्याला आधार नाही.

हंगामाच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या आणून त्यांचा लिलाव करतात, ते अन्नार्पण आणि प्रथमफळ (२:१४) यांच्या फार जवळ आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. बोलीची चढाओढ लागली की देणाऱ्याचे नाव मोठे होते आणि धान्य मागे पडते. आणि अनुवाद २६:११ मध्ये टोपली ठेवल्यावर लेवी आणि परका यांच्यासह आनंद करायचा आहे, म्हणजे लिलावातल्या मालाचा काही भाग विकण्याऐवजी ज्यांच्या घरात पीक आले नाही त्यांच्याकडे जावा.

वाचन पुढे चालवायचे असेल तर पहिल्या अध्यायापासून नको, लोक तिसऱ्या आठवड्याला गळतात. आधी नववा अध्याय, म्हणजे संपूर्ण उपासनेची चाल कळते. मग ७:११-१८ आणि स्तोत्र ११६ एकत्र, शक्यतो प्रभुभोजनाच्या रविवारी. मग ५:७-१३ आणि लूक २:२२-२४. मग ६:१-७ आणि लुबाडलेले चौपट परत करणाऱ्या जक्कयाची गोष्ट. पहिला अध्याय रोम. १२ सोबत. सोळावा अध्याय इब्री ९ बरोबर शुभ शुक्रवारच्या आधीच्या रविवारी ठेवा. वाचणाऱ्याला आदल्या दिवशी मोठ्याने एकदा वाचून पाहायला सांगा, 'काळजावरील पडदा' हा शब्द बरेचजण अडखळून वाचतात.